धुणं, पाऊण तास

"वैष्णवे, लिही गं. धुणं. पाऊण तास."

मंगलनं दुसरी गोधडी दगडावर आपटली, पिळली आणि कमरेला हात लावून उभी राहिली. ओट्यावर बसलेल्या भाचीनं फोनवर बोट फिरवलं. निकालाच्या दिवशी पोरं मास्तरांच्या तोंडाकडं बघतात, तशी मंगल तिच्याकडं बघत होती.

"दोनशे दहा, आत्या."

"दोनशे दहाच? दोन गोधड्या व्हत्या की त्यात. वल्या गोधडीचं वजन ठावं हाय का त्या फोनाला?"

"गोधडीचं येगळं न्हाई इथं. हातानं कपडे धुणं, एवढंच हाय."

"मंग एक तास लिही."

उंबऱ्यात तूर निवडत बसलेली मंगलची सासू दगडाबाई खुदकन हसली. "कामानं माणूस बारीक झालं आसतं ना मंगल, तर मी आजपतूर वाऱ्यावर उडून गेले आसते."

"आई, तुमी गप तूर निवडा," मंगल म्हणाली आणि बादली उचलून दोरीकडं निघाली. जाता जाता तिनं मागं वळून विचारलं, "वाळू घालायचं येगळं लिहायचं का?"

कॅलरी हा शब्द या घरात शिरून जेमतेम आठवडा झाला होता, पण आल्या आल्या घरधनी होऊन बसला होता. त्याला कारणही तसंच होतं. मंगलचा धाकटा भाऊ रामेश्वर माजलगावला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. दोन वर्षांत त्याच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. आठवड्यातून दोनदा मशीनला लावून त्याचं रक्त धुऊन घ्यावं लागायचं आणि त्या दिवशी तो पिळलेल्या फडक्यासारखा पडून राहायचा. त्याच्या बायकोला साखर, आई-बाप केव्हाच गेलेले. उरली मंगल. तिचं रक्त जुळलं, पुढच्या सगळ्या तपासण्या जुळल्या. तिच्या नवऱ्यानं, मुंजाजीनं, कागदावर सही केली. दोन दिवस तोंड फिरवून बसला, पण केली. सगळं जुळलं आणि मग संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याहत्तर किलो.

"बहात्तरच्या आत या," डॉक्टर म्हणाले होते. "एक किडनी काढली की उरलेल्या एकीनं तुमचं सगळं अंग जन्मभर सांभाळायचंय. एवढा भार तिच्यावर टाकून मी तुम्हाला हात लावणार नाही. तीन महिने देतो. पेशंटला त्यापेक्षा जास्त थांबवण्यात अर्थ नाही."

मंगलला हसूच आलं होतं. लग्नानंतर बारा हंगाम तिनं ऊस तोडला होता. चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना तिनं कधी कुणाचा हात मागितला नव्हता. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, दोन एकर भिजायला लागलं आणि कोयता सुटला. दोन्ही लेकी सासरी गेल्या. पन्नाशी येईतो अंग कधी भरलं ते तिचं तिलाही कळलं नाही. पण सहा किलो म्हणजे काय? तिच्या लेखी ती उसाच्या शेंड्यांची, वाढ्याची एक पेंढी होती. "एवढंच ना?" ती डॉक्टरांना म्हणाली. "देते उतरून."

दवाखान्यात आहार सांगणारी मुबश्शिरा म्हणून पोरगी होती. माजलगावच्या फळवाल्यांची लेक, त्यामुळं बोलणं घरचंच. तिनं चौदाशे कॅलरीचा कागद हातात दिला आणि खाल्लेलं रोज लिहून ठेवायला सांगितलं. लिहिण्याचं काम वैष्णवीनं अंगावर घेतलं. रामेश्वरची ही थोरली. बापासाठी काही तरी हातानं करता येतंय म्हटल्यावर ती कॉलेजची पिशवी घेऊन थेट आत्याच्या गावी राहायला आली. खेडं माजलगावपासून सहा किलोमीटर, रिक्षा सुटतात. तिनं वहीच्या जागी फोनात एक ॲप घेतलं. त्या ॲपनं आधी नाव, वय, उंची विचारली आणि मग विचारलं, की तुमचं रोजचं काम कसं? बसून, थोडं हालचालीचं, कष्टाचं की फार कष्टाचं?

"हे काय इचारणं झालं?" मंगल म्हणाली. "फार कष्टाचं. दाब."

ते झालं. दोन दिवसांनी वैष्णवीला त्याच ॲपात व्यायामाचं वेगळं पान सापडलं. त्यात पोहणं होतं, घोड्यावर बसणं होतं, बर्फावरून घसरणंसुद्धा होतं. आणि त्या सगळ्यांच्या पंगतीत झाडणं, भांडी घासणं, कपडे धुणं, पाणी वाहणं हेही बसलेलं होतं.

"ह्यो बी व्यायाम हाय?" मंगलचा विश्वास बसेना.

"हाय म्हंजे काय, आत्या! पुढं आकडे हायत की."

दुसऱ्या दिवसापासून घराला निराळीच कळा आली. मंगल शेण काढायची आणि गोठ्यातून ओरडायची, "वीस मिनिटं!" सडा टाकायची, ओरडायची. म्हशीची धार काढणं त्या यादीत नव्हतं, तेव्हा वैष्णवीनं डोकं लढवून ते 'हाताचा व्यायाम, हलका' या नावानं बसवलं. भाकरी थापायच्या त्याही तशाच बसल्या. मंगलनं एकदा विचारलं, "ऊस तोडायचं हाय का गं?" वैष्णवीनं वर-खाली शोधलं. नव्हतं. "बर्फावरून घसरायचं हाय अन् ऊस तोडायचं न्हाई," मंगल म्हणाली, "कुण्या येड्यानं केलंय!"

संध्याकाळी दिवा लागला की वैष्णवी दिवसभराचा आकडा वाचून दाखवायची आणि घरात पोथी ऐकल्यासारखी शांतता व्हायची. एक दिवस अकराशे भरले.

"म्हंजे लई झाले का?"

"आत्या, आमच्या कॉलेजातली जिमला जाणारी पोरं एवढी जाळत नसतील."

त्या दिवशी मंगलनं चूल सारवली तेव्हा तिच्या हाताला वेगळाच जोर होता, हे दगडाबाईनं पाहिलं. खरं सांगायचं तर मंगलला फार फार बरं वाटत होतं. पन्नास वर्षांत तिचं काम कुणी मोजलं नव्हतं. ऊस तोडायला जायची तेव्हा नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जायचा आणि त्या कोयत्याला नाव मुंजाजीचं. म्हणजे ती अर्धा कोयता. आता कुणी मुंजाजीला विचारलं, बायको काय करते, तर तो सरळ मनानं सांगायचा, "घरीच आसती." त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं आणि आजवर तिलाही वाटलं नव्हतं. आता मात्र झाडू हातात घेतला की तिला वाटायचं, कुठं तरी कुणी तरी बघतंय आणि लिहून घेतंय.

हा रोग संसर्गाचा होता. एका दुपारी मंगल दळणाला गेलेली बघून दगडाबाईनं वैष्णवीला हळूच जवळ बोलावलं. "पोरी, मी तास झालं तूर निवडायलेय. त्याचं काय देतंय का बघ तुझा फोन." वैष्णवीनं हसू दाबत लिहिलं. साठ आले. म्हातारीनं ते साठ दिवसभर कुणाला सांगितले नाहीत, पण जेवताना चटणी जरा जास्त मागून घेतली.

तिथंच तर गोम होती. फोन संध्याकाळी नुसता आकडा सांगून थांबत नव्हता. तो सांगायचा, आज एवढ्या जाळल्या, म्हणून एवढ्या आणखी खायला हरकत नाही. मंगल काही खादाड नव्हती. पण दिवसभर राबलेल्या बाईला दोन भाकरींवर उठायला सांगायचं आणि वर म्हणायचं की अजून खायला हरकत नाही, तर ती का उठेल? तिसरी भाकरी यायची. मग शेंगदाण्याच्या चटणीवर तेलाची धार. "मी न्हाई म्हणत, फोन म्हणायलाय," ती सांगायची. त्यात श्रावण. सोमवार, शनिवार, मधली एकादशी. उपवासाच्या दिवशी वैष्णवी खाण्याच्या पानावर काहीच लिहीत नसे. उपवासाला माणूस खातं थोडंच? साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी आणि राजगिऱ्याचा लाडू हे सगळं त्या पानाबाहेरून पोटात गेलं. यात कुणाला काही चुकलंय असं वाटलं नाही, कारण आपल्याकडं उपवासाला खाल्लेलं कोण धरतं?

राखी पौर्णिमेला रामेश्वर आला. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झालेली, पायांवर सूज. बरोबर स्टीलचा छोटा पेला होता. डॉक्टरांनी त्याला दिवसाचं पाणी मोजून दिलं होतं आणि तो त्या पेल्याखेरीज घोटसुद्धा घेत नव्हता. मंगलनं ओवाळलं, राखी बांधली. मग दोघं ओट्यावर बसले.

"तू पाणी मोज, मी भाकर मोजते," मंगल हसत म्हणाली. "मायनं कुठल्या येळंला जल्म दिला आपल्याला?"

"आक्का," रामेश्वर म्हणाला, "अजून येळ हाय. तू नको म्हणलीस तरी मला कायबी वाटणार न्हाई."

"गप. खा तुझी अर्धी पोळी." मग विषय बदलायला म्हणून तिनं हाक मारली, "वैष्णवे, तुझ्या फोनात लेकरू कडंवर घ्यायचं हाय का गं?"

वैष्णवीनं शोधलं. "हाय की. लेकरू उचलून चालणं."

"मंग लिही. तुझ्या बापाला चार वर्सं घेतलंय. पाचटाच्या कोपीत जल्मला ह्यो, उसाच्या फडावर. माय-बाप ऊस तोडायचे अन् मी ह्याला घेऊन पाचटातून हिंडायची. खाली ठिवला की वरडायचा. लई जड व्हता मेला!"

सगळे हसले. मंगल तेव्हा आठ वर्षांची होती. तिसरीतून तिचं नाव काढलं ते रामूला सांभाळायला, आणि तोच रामू पुढं हंगामी वसतिगृहात राहून शिकला, मास्तर झाला, हे सगळ्यांना माहीत होतं. ती गोष्ट त्या घरात कधी कुणी दुःखाची म्हणून सांगितली नव्हती.

"तसं जुनं न्हाई लिहिता येत, आत्या," वैष्णवी म्हणाली. "आजचं आजच लिहावं लागतंय."

रामेश्वर तेवढा हसला नव्हता. तो हातातल्या रिकाम्या पेल्याकडं बघत राहिला.

महिना भरला आणि मंगल, मुंजाजी, वैष्णवी संभाजीनगरला गेले. मंगल ठणठणीत आत्मविश्वासानं काट्यावर चढली. मुबश्शिरानं वाकून आकडा वाचला आणि पुन्हा वाचला.

"अठ्ठ्याहत्तर नऊशे."

"किती?"

"जवळजवळ एक किलो वाढलंय, मावशी."

मंगल खाली उतरली. तिनं काटा न्याहाळला, मग मुबश्शिराला. बारा हंगामांत तिला एक गोष्ट पक्की शिकायला मिळाली होती, की भरलेल्या गाडीचं वजन सांगणाऱ्यावर चटकन विश्वास ठेवायचा नाही. ऊसतोडीच्या टोळीतल्या गड्यांचं अर्धं आयुष्य 'काटा बरोबर हाय का' यावर कुजबुजण्यात जायचं.

"बाई, तुमी उभ्या ऱ्हावा बरं यावर," ती म्हणाली.

"मी?"

"तुमचं तुमाला ठावं आसंल ना, किती हाय ते?"

मुंजाजीनं कपाळाला हात लावला. मुबश्शिरानं मात्र चपला काढल्या आणि निमूटपणे काट्यावर चढली. बावन्न. "कालच बघितलंय, बावन्नच हाय, मावशी. काटा खरा हाय." तिनं हात पुढं केला. "फोन दाखवा बरं. काय काय खाल्लं ते बघू."

ती बराच वेळ बोट सरकवत राहिली. सोमवारची पानं कोरी कशी ते तिनं विचारलं आणि उत्तर ऐकून तिला हसू आवरेना. "मावशी, साबुदाण्याला काय ठावं तुमचा उपास हाय म्हणून? रमजानात आमच्या अम्मीचं बी ह्येच. दिवसभर रोजा, म्हणून रातचं धरायचंच न्हाई!" मग तिचं बोट दुसऱ्या पानावर आलं आणि हसू थांबलं. धुणं, भांडी, शेण, सडा, पाणी, दळण. रोजच्या रोज, तीस दिवस.

"मावशी, ही कामं तुम्ही कधीपासून करता?"

"कळतं तवापासून."

"म्हणजे अठ्ठ्याहत्तर किलो झालात तेव्हाही करतच होता ना? हे सगळं करता करताच वजन अठ्ठ्याहत्तर झालंय. सुरुवातीला फोननं विचारलं, काम कसं, तर तुम्ही सांगितलं, फार कष्टाचं. धुणं-भांडी, सगळं त्यात एकदा आलं. आता रोज परत लिहिता आणि फोन म्हणतो, खा त्याच्यावर."

मंगल सावकाश म्हणाली, "म्हंजे एकच मोळी दोनदा मोजली."

"तेच. अगदी तेच, मावशी."

"मंग आता?"

"हे सगळं पुसून टाका. रोजचं काम धरायचं नाही. त्याच्या वर जे कराल, तेवढंच धरायचं. रोज तासभर चाला, काही न करता. तेवढंच लिहा."

डॉक्टर आत आले तेव्हा त्यांनी आकडा पाहिला. दोन महिने राहिलेत, एवढंच म्हणाले. रामेश्वरच्या तपासणीचे कागद त्यांच्या हातात होते.

परतीच्या एसटीत ती खिडकीला टेकून बसली. मुंजाजीनं गेवराईला वडापाव आणला, तिनं मान हलवली. चूक झाली याचं दुःख होतंच. भावाचे तीस दिवस आपण चटणी-तेलात घालवले, हे तिला खात होतं. पण त्याखाली आणखी एक दुःख होतं आणि त्याची तिला लाज वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी आपलं काम मोजलं, आणि मोजणाऱ्यानंच आता सांगावं, की ते धरायचं नाही?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं वैष्णवीला फोन घेऊन बोलावलं. "दाखव कसं पुसायचं ते. मीच पुसते."

"थांबा, आत्या." वैष्णवीनं पिशवीतून एक लांबट वही काढली आणि रेघा मारायला लागली. तीन रकाने पाडले: काम, वेळ, कॅलरी. मग फोन मांडीवर घेऊन पहिल्या दिवसापासून एकेक ओळ उतरवायला लागली.

"कावून लिहायलीस? बाईनं पुसायला सांगितलंय."

"फोनातनं पुसा म्हणल्यात. वहीचं काय बोलल्या न्हाईत."

तीन दुपारी ते चाललं. वैष्णवी उतरवून घ्यायची आणि मग फोन आत्याच्या हातात द्यायची. मंगल ओल्या बोटानं दाबायची. बोट ओलं असलं की फोन ऐकायचा नाही, मग लुगड्याला पुसून पुन्हा दाबायची. दर ओळीला फोन विचारायचा, नक्की काढून टाकायचं का? धुणं, पाऊण तास. हो. भांडी, अर्धा तास. हो. दगडाबाई शेजारी बसून बघत होती.

"माझी तूर बी?" तिनं विचारलं.

"तुमची बी, आई."

म्हातारीनं क्षणभर विचार केला. "पुस. तूर काय, डब्यात हाय."

मग सुरू झालं चालणं, आणि ते काम धुण्याहून अवघड निघालं. गावात बाई चालते ती कुठं तरी जायला. पाण्याला, रानात, दळणाला, कुणाच्या मयतीला. नुसतं चालायचं, ते कसं? पहिल्याच दिवशी कॅनॉलच्या कडेनं निघाली, तर चार ठिकाणी हटकलं. "कुटं निघालीस, मंगल?" चौघांना चार उत्तरं देऊन ती पंधरा मिनिटांत घरी परतली. दुसऱ्या दिवशी तिनं युक्ती काढली. हातात विळा घेतला. विळा घेतलेल्या बाईला कुणी विचारत नाही. कॅनॉलच्या कडेनं लिंबाच्या झाडापर्यंत आणि परत, विळा हातात, गवताच्या काडीला न लावता. असे पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी शेजारीण म्हणाली, "मंगल, रोज इळा घेऊन जातीस अन् रिकामीच येतीस. तुमच्या म्हशीला उपास हाय का?"

वैष्णवी फोनवर पाहायची. तासाभराच्या चालण्याला एकशे ऐंशी यायचे. "धुण्याला दोनशे दहा व्हते की," मंगल म्हणायची. भाकरी दोनच. चटणीवर तेल नाही. उपवासाचा साबुदाणासुद्धा वाटीनं मोजून पानावर चढला. संध्याकाळी भूक पोटात ओरबाडायची, तेव्हा ती म्हशीपाशी जाऊन बसायची. कधी डोळ्यांत पाणी यायचं, ते भुकेचं की कसलं हे तिनं तपासलं नाही. मुंजाजीनं एक दिवस न सांगता स्वतःच्या ताटातली तिसरी भाकरी परत टोपल्यात ठेवली. "मला बी जड व्हायलंय आताशा," तो म्हणाला. बायकोनं त्याच्याकडं बघितलं, पण तो म्हशीकडं बघत होता.

दुसऱ्या महिन्याला पंचाहत्तर भरले. तिसऱ्याला मंगल चपला, बांगड्या, कानातलं सगळं काढून काट्यावर चढली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

"एकाहत्तर आठशे," मुबश्शिरा म्हणाली आणि मंगल काट्यावरून उतरायच्या आधीच तिला मिठी मारली. डॉक्टरांनी तारीख दिली. दिवाळी होऊन दहावा दिवस.

जायच्या आदल्या दिवशी रामेश्वर मुक्कामाला बहिणीकडं आला. गाडी पहाटे इथूनच निघायची होती. मंगलनं सगळं आवरलं, सासूला पंधरा दिवसांची औषधं पुड्यांत बांधून दिली आणि ऊन उतरल्यावर चालायला निघाली. त्या दिवशी तिनं विळा घेतला नाही. कॅनॉलच्या रस्त्यानं कारखान्याकडं निघालेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टर चालले होते. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेरडं आणि त्यांच्यावर बसलेली माणसं. एका ट्रॉलीतून कुणी ओळखीचीनं हात केला. "मंगल, कुटं निघालीस गं?"

"कुटंच न्हाई," मंगल ओरडली. "चालायलेय."

लिंबाच्या झाडाला हात लावून ती परतली तेव्हा दिवस मावळतीला आला होता. वैष्णवी आत भाकरी थापत होती. रामेश्वर ओट्यावरच्या बाजेवर झोपी गेला होता, तोंड किंचित उघडं, पेला उशाशी. छातीवर वैष्णवीची ती लांबट वही उपडी पडली होती. पेनाचं टोपण खाली घरंगळलं होतं.

वही नीट ठेवावी म्हणून मंगलनं उचलली. पहिलं पान वर आलं. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईला वाचायला वेळ लागतो. ती बोट ठेवून वाचायची. पहिल्या ओळीच्याही वर, जिथं मोकळी जागा होती, तिथं मास्तरांच्या वळणदार अक्षरात नवी ओळ लिहिलेली होती.

रामूला कडेवर घेणं. वय आठ ते बारा. दिवसभर.

तिनं बोट पुढं सरकवलं. कॅलरीचा रकाना कोरा होता.

कार्तिकातला गारवा पडायला लागला होता. मंगलनं वही मिटून पेल्याशेजारी ठेवली, दोरीवरची धुतलेली गोधडी काढली आणि भावाच्या पायांवर घातली.